पाहुणा ४१७

४ मार्च

सकाळी साडेसातला गेम सोडला. ‘सोडला’ असंच म्हणतात, कुत्रा सोडल्यासारखं. दोन वर्षं लागली. चित्रं माझी, वाक्यं माझी, दाराची कुरकुर माझ्याच दाराची. आवाज टिपत होते तेव्हा समोरचे पोस्टमास्तर बाहेर आले आणि बिजागरीला तेल द्या म्हणून सांगून गेले. नाव ‘सात संध्याकाळी’, किंमत शून्य.

गोष्ट एवढीशी. थोरली बहीण तीन वर्षांनी धाकटीच्या दारात येते, ओळीने सात संध्याकाळी. धाकटी आतून बोलते, दार उघडत नाही. मधे मधे थोरलीला आठवणारी आईची खोली दिसते. खेळणाऱ्याने थोरली व्हायचं आणि दर संध्याकाळी तीन वाक्यांतलं एक निवडायचं. बरोबर वाक्याला एक गुण. सातांपैकी पाच गुण पडले की शेवटी दार उघडतं, नाहीतर थोरली जिना उतरून जाते.

सोडण्याआधी शेवटची तपासणी केली. मी माझ्यापुरतं एक बटण करून ठेवलंय, ते दाबलं की गुण भरलेले आणि समोर थेट सातवी संध्याकाळ. दाबलं, दार उघडलं. समाधान वाटलं.

भाचीला लिंक पाठवली, तिला असल्या गेमचं वेड आहे. खाली लिहिलं, ‘आईला दाखवू नकोस.’ तिची आई म्हणजे माझी ताई. आमची आई गेल्यापासून आम्ही दोघी बोललेलो नाही, येत्या जूनमध्ये तीन वर्षं होतील. भाचीने नुसता अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ काय घ्यायचा देव जाणे.

६ मार्च

एकोणीस जणांनी उतरवून घेतला. अभिप्राय तीन.

एक: ‘डोळे छान काढलेत. बाकी फार लांबण लावलंय.’

दोन: ‘मारामारी कधी सुरू होते?’

तीन: ‘फुकट आहे म्हणून तक्रार नाही.’ हा तिसरा दिवसभर डोक्यातून जाईना. मी कवळ्या करते त्या लॅबमध्ये एका वरच्या कवळीचे पुढचे दात बसवताना डावा सुळा दोनदा वाकडा लावला. मालकांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत. ते बोलले की बरं असतं.

११ मार्च

ज्यांनी खातं उघडलेलं नसतं त्यांना ती साइट आपोआप ‘पाहुणा’ आणि पुढे एक आकडा चिकटवते. आज पाहुणा ४१७ कडून आलं: ‘खेळ आवडला. फार जवळचा वाटला. दोनदा खेळून झाला, दोन्ही वेळा थोरली जिना उतरून गेली. एक सुचवू का? आईच्या खोलीतला पंखा तीन पात्यांचा काढलाय. तसल्या खोलीत चार पात्यांचा बरा दिसेल.’

मी लिहिलं, ‘धन्यवाद दादा. पंख्याचा विचार करते.’

गंमत म्हणजे आईच्या खोलीत खरोखर चार पात्यांचाच होता. तीन काढायला सोपी पडली इतकंच. पण माणसाला दोन वर्षांच्या कामात पंखाच दिसावा म्हणजे कमाल आहे.

१४ मार्च

पाहुणा ४१७ बाई आहे. ‘काल परत खेळत बसले होते,’ असं लिहिलंय. म्हणजे मी आपली दादा दादा करून मोकळी झाले. तिने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. दार याही वेळी उघडलं नाही म्हणते.

बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. कोणीतरी परत परत येतंय.

१९ मार्च

एकूण त्रेचाळीस. एकाने पाचांपैकी दोन तारे दिले आणि लिहिलं, ‘शेवट सगळे सारखेच. कष्ट वाचवलेत वाटतं.’ मी ताडकन उत्तर दिलं की शेवट दोन आहेत, चांगला शेवट मिळवायला आधी माणूस चांगला असावा लागतो. मग जरा जास्त झालं असं वाटलं, पण पुसलं नाही.

४१७ चं लांबलचक पत्र आलंय. मुद्दा असा: ‘चौथ्या संध्याकाळपर्यंत धाकटी विरघळत येते. एकदा तर आतून हसलीही. आणि पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्या दिवसासारखी तुटक बोलते, जणू आधीचं काही तिच्या कानावरच गेलं नाही. हे असंच आहे का?’

असंच आहे म्हणून कळवलं. राग असाच असतो, ओसरला वाटतो आणि सकाळी उठून बघावं तर होता तिथेच. खरं सांगायचं तर हे मी इतकं बारकाईने योजलेलं नव्हतं. पण वाचल्यावर वाटलं, लिहिताना हातून आपसूक उतरलं असणार. स्वतःची पाठ थोपटून घेतली. कोणीतरी इतकं खोल वाचलं.

२७ मार्च

आज तिने खोट काढलीच. तिसऱ्या संध्याकाळी थोरलीसमोर तीन वाक्यं असतात: ‘मला उशीर झाला,’ ‘तू सगळं एकटीने केलंस,’ आणि ‘मला कळवलं नाहीस.’ तिसरं निवडलं की धाकटी आतला दिवा बंद करते.

४१७ लिहिते, ‘पण तिला कळवलं होतं का? खेळात ते कुठेच दिसत नाही. कळवलं नसेल तर ते वाक्य चूक कसं?’

मी लिहिलं, ‘गोष्टीला त्याची गरज नाही.’

इथे लिहायला हरकत नाही. मी फोनवर काय म्हणाले होते ते मला शब्द न् शब्द आठवतं. ‘आई ठीक आहे. मुलीची परीक्षा आटप आणि मग ये. घाई नाही.’ चौथ्या दिवशी आई गेली. पण ‘ठीक आहे’ मी कसल्या आवाजात म्हटलं होतं, ते ताईला कळायला हवं होतं. सख्ख्या बहिणीला आवाज कळतो. तिला कळला नाही, ती पाचव्या दिवशी आली, आणि मी दारातच म्हणाले, आता कशाला आलीस. त्यावर ती आत आलीच नाही. ती आत का आली नाही हे मला आजतागायत समजलेलं नाही. धक्का देऊन शिरली असती तर मी काय अडवणार होते?

२ एप्रिल

लॅबमध्ये कवळ्यांना पॉलिश करणाऱ्या काकूंना गेमबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे चित्रं बघायची आणि बटणं दाबायची? आणि मग काय मिळतं?”

“दार उघडतं.”

“बरं,” म्हणाल्या आणि मशीन चालू केली.

९ एप्रिल

भाचीचा निरोप आला. भाऊजींची बदली झालीये, परदेशात. तीस तारखेला सगळेच निघणार, निदान पाच वर्षांसाठी. ‘मावशी, तुला सांगायचं होतं,’ एवढंच लिहिलंय. मी ‘छान, अभिनंदन, जपून जा’ असं तीन वेळा खोडून चौथ्यांदा लिहिलं.

ताईने स्वतः कळवलं नाही. कळवेल असंही नव्हतं म्हणा. पण पाच वर्षं म्हणजे फार होतात. कपाट आवरायला काढलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं.

४१७ चं उत्तर द्यायचं राहिलं होतं. तिने आता वही केलीये म्हणे, कुठल्या संध्याकाळी काय निवडलं ते लिहून ठेवते. अठ्ठावन्न वेळा खेळून झालंय. ‘माझ्याकडे थोडेच दिवस आहेत,’ असं लिहिलंय. सुट्टी संपत आली असेल. माणसं सुट्टीत काय काय करतात. तिला एक सांगायचं राहून गेलं: पंखा मी बदलला. चार पाती काढली. तेवढं एक चित्र नवं चढवलं, बाकी कशाला हात लावला नाही.

१० एप्रिल

‘पंखा बघितला. बरं वाटलं,’ असं ४१७ चं एका ओळीचं उत्तर. दिवसभर मीही बरी होते, का ते माहीत नाही.

१७ एप्रिल

आज तिने विचारलं:

‘कुठलं वाक्य बोलायचं राहिलं, तेवढं सांगाल का? माझ्याकडून सगळी बोलून झाली असं वाटतंय.’

मी बराच वेळ विचार केला. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच राहिला. सांगणं सोपं होतं, माझ्याकडे सातही वाक्यं क्रमाने लिहिलेली आहेत. पण सांगितलं की मग ती माझीच वाक्यं होतात, तिची राहत नाहीत. मला कोणी असं विचारून येऊन माफी मागितली तर मी तिला काय किंमत देईन?

लिहिलं, ‘उत्तर हातात दिलं तर त्याला अर्थ राहत नाही. मनापासून निवडा.’

संध्याकाळी परत आलं, ‘बरं. एवढंच सांगा, उघडतं ना नक्की?’

‘उघडतं,’ मी लिहिलं. ‘बोलणाऱ्याच्या मनात असेल तर उघडतं.’

वाक्य चांगलं जमलं म्हणून गेमच्या पानावर सगळ्यात वरही लावून टाकलं.

२६ एप्रिल

४१७ गप्प आहे. रोज सकाळी दात घासता घासता पान उघडून बघते. नवीन एकच, ‘मारामारी’वाल्याचा मित्र.

ताईला फोन करावा का? नंबर काढला. मोठी ती आहे आणि जाणारीही ती आहे. जाताना माणूस भेटून जातं, राहणाऱ्याने विमानतळ शोधत फिरायचं नसतं. तरी दोन दिवस घर झाडून ठेवलंय.

३० एप्रिल

आज गेले असतील. विमान किती वाजताचं ते भाचीने सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी बसले होते. संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. दूधवाल्याचं बिल होतं.

५ मे

हे नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

जेवणाच्या सुट्टीत काकू म्हणाल्या, “तुझा तो गेम मी मुलाच्या फोनवर खेळले. दार काही उघडलं नाही.”

“तुम्ही काहीतरी तिरकस निवडलं असेल.”

“गोडच निवडत होते की. घरात वीस वर्षं सासू सांभाळली, मला कळत नाही होय गोड काय ते?”

म्हटलं थांबा, दाखवते. प्लास्टरचे साचे बाजूला सारून फोन टेबलावर ठेवला आणि पहिल्या संध्याकाळपासून सुरुवात केली. सगळी बरोबर वाक्यं निवडत गेले. काकू डब्यातली कोशिंबीर चावत बघत होत्या. चौथ्या संध्याकाळी धाकटी हसली. पाचव्या संध्याकाळी म्हणाली, ‘कोण आहे? मला कोणाशी बोलायचं नाही.’ सहावी. सातवी. थोरली जिना उतरून गेली.

“उघडेना,” काकू म्हणाल्या.

परत खेळले. परत गेली. मालक येऊन उभे राहिले तरी मी उठले नाही. मग काकूच म्हणाल्या, “अगं, कवळी साच्यावर बसली म्हणून तोंडात बसते असं थोडंच आहे? तू बसवून बघितली होतीस ना?”

मी साच्यावरच बघितली होती. दोन वर्षं त्या माझ्या बटणाने. दाबलं की गुण भरलेले, दार उघडलेलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, जिना चढून, मी एकदाही खेळले नव्हते. त्या थोरलीची वाक्यं मला तोंडपाठ होती, मग परत परत कशाला ऐकायची, असं वाटायचं.

घरी येऊन शोधलं, दहा मिनिटांत सापडलं. पाचव्या संध्याकाळचा जिना पहिल्या संध्याकाळसारखाच आहे, म्हणून मी तो भाग पहिल्यावरून उचलून तसाच चिकटवला होता. पहिल्या संध्याकाळी, गोष्ट सुरूच होत असते म्हणून, एक ओळ आहे: गुण शून्य करा. तीही सोबत आली. पाचव्या दिवशी थोरलीने बोललेलं सगळं पुसलं जातं. उरलेल्या तीन संध्याकाळी मिळून तीनच गुण होतात आणि लागतात पाच. कोणीही खेळो, काहीही बोलो, ते दार उघडणं शक्यच नव्हतं.

आणि तिने मला सांगितलं होतं. मार्चमध्येच, सरळ शब्दांत. मी तिला राग कसा असतो ते शिकवलं.

६ मे

ती ओळ काढली. नवी प्रत चढवली. वर लावलेलं ते वाक्य पुसलं. ४१७ ला लिहिलं, ‘चूक माझी होती. तुमची निवड बरोबर होती. कृपा करून पुन्हा एकदा खेळा.’

त्रेचाळीसचे एकसष्ट झालेत. नवी प्रत कोणीच उतरवलेली नाही. त्या दोन ताऱ्यांवाल्यालाही माफीचं लिहिलं. त्याने कोणाचं काय बिघडवलं होतं, खरंच तर बोलत होता.

१० मे

भाचीचा निरोप. जसाच्या तसा उतरवते: ‘मावशी, पाहुणा ४१७ आई आहे. तिने सांगू नको म्हटलं होतं. तू लिहिलेलं मी तिला दाखवलं. ती काही बोलली नाही.’

मला माहीत नव्हतं. हे वाक्य दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा थांबले. पंखा चार पात्यांचा आहे हे जगात दोन माणसांना माहीत आहे आणि त्यातली एक मी. मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? पण ती ताई आहे असं वाटलं असतं तर आशा धरावी लागली असती. आशा धरायची आणि ती निघायची कोणी तिसरीच, त्यापेक्षा अनोळखी बाई बरी होती.

रविवार आहे. तिथे किती वाजलेत ते बघितलं, सकाळ होती. फोन लावला.

“हं, बोल,” ताई म्हणाली. तीन वर्षांनी तोच ‘हं, बोल’.

“ताई, ती चूक होती. पाचव्या संध्याकाळी आकडा शून्य होत होता. तू सगळं बरोबर बोलली होतीस गं.”

“सांगितलं हिने.”

“मुद्दाम नव्हतं.”

“मी कुठे म्हणतेय मुद्दाम होतं?” मागे खोकी सरकवल्याचा आवाज येत होता. भाऊजींनी काहीतरी विचारलं, तिने ‘तिकडे ठेवा’ म्हणून सांगितलं. मग म्हणाली, “मला तुझ्या दारात येऊन काय बोलायचं तेच सुचत नव्हतं बघ. जायच्या आधी एकदा यायचं होतं. मग हिने ते दाखवलं. म्हटलं, बरं झालं, तिनेच लिहून ठेवलंय. खेळात उघडलं की तेच पाठ करून तुझ्याकडे येईन.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“वही भरली,” ती म्हणाली. “दीडशेच्या वर खेळून झालं. शेवटी यांनी लॅपटॉप खोक्यात भरला. मीच म्हटलं भरा. तू लिहिलं होतंस ना, मनात असेल तर उघडतं. म्हटलं, आपल्याच मनात नसेल.”

“असं नको ना म्हणूस. आता दुरुस्त केलंय. आता खेळलीस तर उघडेल.”

“हो, उघडेल.” ती हसल्यासारखी झाली. “दोन वर्षं तू त्या दारावर काम केलंस. आणि एकदाही बाहेरून येऊन बघितलं नाहीस?”

मी म्हणाले, “ताई, मी तुला फोनवर घाई नाही म्हणाले होते. आईच्या वेळी.”

“माहितीये मला. मीच ऐकलं होतं ते.”

मग तिला कोणीतरी हाक मारली. “चल, ठेवते,” म्हणाली, “बोलू कधीतरी.” रागावून नाही म्हणाली. रागावून म्हणाली असती तर मी परत फोन केला असता. दुकानातल्या बाईशी बोलावं तसं नीट, व्यवस्थित म्हणाली.

१३ मे

भाचीला विचारलं, आई खेळली का? ‘नाही मावशी. लॅपटॉप अजून खोक्यात आहे.’ आणखी विचारू नये एवढं कळतं मला. तरी दुपारी परत विचारलं. उत्तर नाही.

१७ मे

नवी प्रत एका जणाने उतरवली. ती मीच.

सकाळी चहा घेऊन बसले आणि पहिल्या संध्याकाळपासून खेळले, बटण न वापरता, एकेक वाक्य वाचत. तिसऱ्या संध्याकाळी ‘मला कळवलं नाहीस’ निवडून बघितलं. आतला दिवा गेला. ते फार वाईट लिहिलंय मी. दिवा विझल्यावर थोरली अंधारात किती वेळ उभी असते. खेळणाऱ्याला काही करता येत नाही, नुसतं थांबावं लागतं. तिने ते दीडशे वेळांत कितीदा बघितलं असेल.

बाकीची सगळी वाक्यं बरोबर निवडली. सहा गुण. सातवी संध्याकाळ आली आणि दार कुरकुरत उघडलं. उघडलेल्या दाराचं चित्र, मागे पिवळा उजेड, खाली ‘दार उघडतं.’ नंतर ‘समाप्त’.

पुढे काहीच नाही. थोरली आत येत नाही, धाकटी समोर दिसत नाही, कोणी ये म्हणत नाही. ते मी लिहिलेलंच नव्हतं. बटण दाबून इतक्यांदा बघितलं, पण दार उघडलं की माझं काम व्हायचं आणि मी बंद करायचे.

म्हटलं आज लिहू. दुपारपर्यंत बसले. थोरली आत आली की धाकटी काय म्हणते? ‘बस.’ खोडलं. ‘आलीस?’ खोडलं. शेवटी वाक्य राहू दे, निदान चित्र काढू म्हणून वही-पेन्सिल घेऊन उठले. दारातून आत बघितल्यावर माझी खोली कशी दिसते, ते मला काढता येत नव्हतं. नेहमी आतून बाहेरच बघितलंय. बाहेर जाऊन, दार ओढून घेऊन पायरीवर उभी राहिले. किल्ली मुठीत होती. दोनदा वाजवूनही बघितलं.

समोरचं दार उघडलं. पोस्टमास्तर चष्मा सावरत म्हणाले, “घरात कोणी नाही का तुमच्या?”

“नाही,” मी म्हणाले, “मी एकटीच असते.”

ते थोडा वेळ माझ्याकडे आणि वहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तेल अजून दिलेलं दिसत नाही,” आणि आत गेले. मीही किल्लीने दार उघडून आत आले. चित्र काढायचं राहिलंय.